सातारा-सांगलीचा हिवाळा आणि घाटाखालचा किनारा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी राहतो साताऱ्यात, मामाचा द्राक्षमळा तासगावकडे आणि सासुरवाडी गुहागरची. त्यामुळे दिवाळीचे कंदील उतरले की महाशिवरात्रीपर्यंत माझा फोन तीन ठिकाणच्या हवेत अडकलेला असतो. मामा विचारतो, आभाळ कधी हटणार. मेहुणा विचारतो, बोट काढू का. आणि साताऱ्यातली निम्मी ओळखीची माणसं सहलीला निघताना विचारतात, घाट कसा आहे. दरवर्षी प्रश्न तेच, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी हवामानखात्यातला नाही. पण या रस्त्यांवर वीस हिवाळे गाडी चालवली आहे, आणि थंडीचा आकडा बघून घाबरणारी माणसं भलत्याच गोष्टीने अडचणीत आलेली पाहिली आहेत.

आपल्याकडे समुद्र नाही. मग किनाऱ्यावरच्या हवामानाची आपण कशाला काळजी करायची?

नकाशावर पट्टी ठेवून बघा. साताऱ्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे, सांगलीपासून सव्वाशे-दीडशे. मधे सह्याद्री आहे म्हणून खारा वारा अंगाला लागत नाही, एवढंच. ढगांना तो डोंगर अडवत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ अलिबाग-मुंबईच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळ कन्याकुमारीच्या टोकाकडून निघून आपला किनारा डावलत गुजरातच्या दिशेने गेलं आणि समुद्रातच विरलं. अशा वेळी घाटाखाली वादळाची बातमी असते आणि घाटावर आभाळ येतं, थंडी गायब होते, बारीक पाऊस लागतो. बाहेरच्या माणसाला ते आल्हाददायक वाटतं. द्राक्षवाल्याची झोप तेव्हाच उडते.

आणि नुसता अरबी समुद्रच नाही, बंगालचा उपसागरही इथे हात घालतो. तमिळनाडूच्या किनाऱ्याला काही घडलं की दोन-तीन दिवसांत आटपाडी-जतकडे मळभ दिसायला लागतं. म्हणून हिवाळ्यात रात्री अचानक उकडायला लागलं, तर गारठा संपला असं समजू नका. समुद्रात काय चाललंय ते बघा.

‘थंडीची लाट’ म्हणजे नेमके किती अंश?

भारतीय हवामान विभागाची व्याख्या जागेप्रमाणे बदलते. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेलं आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त घसरलं, की लाट. साडेसहाच्या आसपास किंवा पुढे घसरलं की तीव्र लाट. पारा ४ अंशांवर आला तर सरासरी न बघताच लाट म्हणतात. डोंगरी ठिकाणांसाठी दहाऐवजी शून्य अंशाची मर्यादा आहे. किनारपट्टीवर मात्र १५ अंश आणि साडेचारची घसरण एवढ्यावर लाट धरली जाते, कारण तिथे पारा दहावर येणं जवळजवळ होतच नाही आणि दमट हवेत वारा लागला की पंधरालाही माणूस कुडकुडतो.

ही गंमत मी दरवर्षी घरात बघतो. साताऱ्यात १२ अंश असताना आम्ही अर्ध्या बाह्यांच्या स्वेटरवर चहा पितो, आणि गुहागरला १७ झाले की सासूबाई कानटोपी शोधतात. दोघांचंही बरोबर आहे.

वर्तमानपत्रात मात्र ‘लाट’ हा शब्द स्वस्त झाला आहे. दोन दिवस गारठा पडला की मथळ्यात लाट येते.

महाबळेश्वरला बर्फ पडतो का?

नाही. दव गोठतं. आकाशातून काही पडत नाही, म्हणून हिमवर्षाव बघायला जाऊ नका.

होतं असं की वारा पडलेला, आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली की जमीन रात्रभर आपली उष्णता वर सोडत राहते. जमिनीलगतची हवा गार होते. गार हवा जड, ती उतारावरून ओघळत खोलगट जागेत साचते. वेण्णा तलावाचा काठ आणि लिंगमळ्याचा भाग या अशाच वाट्या आहेत. त्यामुळे गावातल्या वेधशाळेत ८-९ अंश नोंदलेले असताना तलावाच्या जेटीवर, जीपच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरी खरड सापडते. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून माणसाच्या छाती-डोक्याच्या उंचीवर, जाळीदार लाकडी पेटीत असतो. गवताच्या पात्याजवळ त्याच वेळी पारा कितीतरी अंशांनी खाली असतो. म्हणून ‘आकडा नऊ आणि बर्फ कसा?’ या वादात दोन्ही बाजू खरं बोलत असतात.

धोका म्हणाल तर पहाटे जेटीच्या फळ्यांवरून फोटोसाठी पळू नका, घसरून सरळ पाण्यात जाल. गाडीच्या गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. साधं नळाचं पाणी आणि पाच मिनिटांचा धीर पुरतो.

स्ट्रॉबेरीवाले पहाटे तुषार सिंचन का चालू करतात? एवढ्या थंडीत पाणी?

कारण पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं आणि पानाचं तापमान शून्याच्या फार खाली जाऊ देत नाही. पण मधेच बंद केलं तर उलटं नुकसान होतं. खरड वितळेपर्यंत चालू ठेवावं लागतं.

धुकं कुठे जास्त पडतं?

आपल्याकडे धुक्याच्या दोन जाती आहेत आणि दोघींचा स्वभाव वेगळा.

पहिली नदीकाठची. कृष्णा, कोयना, वारणा यांच्या काठची ओली रानं, उसाचे पाट आणि वारा पडलेली रात्र. हे धुकं पहाटे चारनंतर दाटतं आणि ऊन चढलं की आठ-नऊला फाटतं. वाई, कऱ्हाडचा संगम, सांगलीत आयर्विन पुलाचा परिसर, मिरजेकडची सखल रानं, सगळीकडे हेच. सगळ्यात वाईट पहाट कोणती, तर आदल्या दिवशी अवकाळी पाऊस होऊन रात्री आभाळ मोकळं झालेली. जमीन ओली, वर ढग नाही. त्या पहाटे शक्यतो निघूच नये.

दुसरी जात घाटातली. ती खरं तर दरीत साचलेलं धुकं किंवा डोंगराला टेकलेला ढग असतो. हिवाळ्यात पसरणी घाटात वर लख्ख ऊन आणि खाली वाईच्या खोऱ्यात दुधाची परात, असं दृश्य नेहमीचं. वरून सुंदर दिसतं. खाली उतरून तुम्ही त्याच परातीत शिरणार आहात हे फोटो काढताना लक्षात राहत नाही. कोयनानगर ते हेळवाक हा तुकडाही असाच, जलाशय जवळ असल्याने पहाट तिथे उशिरापर्यंत रेंगाळते.

हवामानशास्त्राप्रमाणे हजार मीटरच्या आत दिसत असेल तर धुकं, दोनशेच्या आत दाट, पन्नासच्या आत अतिदाट. आमच्या भाषेत, बॉनेटपुढचं दिसेना झालं की ‘धुई’.

धुक्यात गाडी कशी चालवायची?

आधी हिशेब करू. ताशी ६० च्या वेगाने गाडी दर सेकंदाला साधारण १७ मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर पंचवीस मीटर तिथेच संपले. पुढे गाडी थांबायला आणखी वीस-पंचवीस. म्हणजे पन्नास मीटर दिसत असताना साठने चालवणं म्हणजे शेवटच्या फुटावर नशिबाच्या भरवशावर राहणं. ताशी ३० ठेवलात तर वीस मीटरच्या आसपास थांबता. हायवेवर ३० ने चालवायला लाज वाटते हे मला माहीत आहे. मागचा हॉर्न मारतो. मारू दे.

अप्पर लाइट लावू नका. उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून तुमच्याच डोळ्यांत परत येतो. डिप्पर आणि फॉग लॅम्प ठेवा. चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावून जाणं ही आपल्याकडची फॅशन आहे, ती सोडा. मागच्याला तुम्ही उभे आहात की वळताय की चाललाय ते कळत नाही. नजर रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा, मधल्या पट्टीवर ठेवली तर समोरचाही तीच धरून येत असतो. एक काच थोडी खाली घ्या. आवाज येतो, आणि आतून काचेवर धरलेला घामही उतरतो. गाणी बंद. आणि थांबायचं ठरवलं तर रस्त्याच्या कडेला नाही, सरळ एखाद्या पंपावर किंवा हॉटेलच्या आवारात घ्या.

पण खरी गोष्ट पुढच्या प्रश्नात आहे.

आपल्या भागात हिवाळ्यातला सगळ्यात मोठा धोका कोणता?

माझं उत्तर विचाराल तर विनालाइटची उसाची ट्रॉली.

साखर कारखान्यांचा हंगाम आणि धुक्याचा हंगाम एकच. रात्रभर ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चाललेले. ऊस मागे लोंबत असतो, त्यामुळे दिवा असला तरी झाकला जातो. वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, मातीच्या रंगाची, रस्ता काळा, वर धुकं. त्यात कुठे पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवलेलं असलं तर धूर आणि धुई मिसळून असा पडदा होतो की हेडलाइट पिवळट चहासारखा दिसतो.

काही वर्षांपूर्वी कऱ्हाडच्या पुढे पहाटे साडेपाचला मी अशाच एका उभ्या ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबलो. तिचा टायर बसला होता. पोरगा जॅक आणायला गेला होता आणि मागे खूण म्हणून रस्त्यात चार मोठे धोंडे ठेवले होते. ट्रॉली मला दिसलीच नाही, पहिला धोंडा बंपरला लागला म्हणून मी वाचलो. संध्याकाळी त्याच रस्त्याने परतलो तर ट्रॉली गेली होती, धोंडे तिथेच. दगडांनी मला वाचवलं म्हणावं की रात्री दुसऱ्या कोणाला पाडलं असेल म्हणावं, हे मला आजही ठरवता येत नाही. उतरून ते बाजूला ढकलले.

ट्रॅक्टरवाल्यांना, गाडीवानांना हात जोडून सांगणं एवढंच: मागच्या फळीला रेडियमची रुंद पट्टी लावा आणि ऊस भरल्यावर ती दिसते का ते खाली उतरून बघा. लोंबता ऊस असेल तर शेवटच्या मोळीला रेडियमचा तुकडा बांधा. बैलगाडीच्या जुवाला आणि चाकालाही लावा. खर्च एका वेळच्या चहा-नाश्त्याएवढा. पंक्चर झाल्यास ट्रॉली डांबरावरून खाली घ्या, आणि धोंडे ठेवलेत तर उचलून जा.

मोटारसायकलवाल्यांनो, गळीत हंगामात पहाटे दूध घालायला जाताना काळं जर्किन घालू नका.

कोकणात उतरायला कोणता घाट चांगला?

साताऱ्याहून दोन मुख्य वाटा. महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूरला, किंवा उंब्रज-पाटण-कोयनानगरवरून कुंभार्लीने चिपळूणला. सांगलीकर बहुतेक कऱ्हाडवरून कुंभार्लीच धरतात. हिवाळ्यात दोन्ही चालू असतात, पण आंबेनळी अरुंद आणि वळणांचा आहे, दरी एका बाजूला चिकटून. नवख्या ड्रायव्हरने तो अंधारात उतरू नये. कुंभार्लीवर अवजड वाहनं जास्त, तिथे अडचण वळणावर अडकलेल्या ट्रकची.

पावसाळ्यात ढिल्या झालेल्या दरडी हिवाळ्यात कोसळत नाहीत असं समजू नका. डिसेंबरात अवकाळी झाला की एखादा धोंडा रस्त्यावर येतोच.

शाळेच्या सहलींसाठी वेगळं सांगतो, कारण डिसेंबर-जानेवारी म्हणजे सहलींचाच मोसम. पहाटे तीनला निघून ‘दिवस वाचवायचा’ हा हट्ट सोडा. सकाळी आठला निघा, घाट उजेडात उतरा, परत येताना अंधार पडायच्या आत घाटमाथा गाठा. एक स्थळ कमी झालं तर कोणीही पोर आयुष्यभर हळहळत नाही.

हिवाळ्यात समुद्र शांत असतो ना? मग पोहायला काय हरकत?

शांत दिसतो. घाटावरच्या माणसाला नेमकं हेच फसवतं. आपण नदीत पोहायला शिकलेलो. नदीचं पाणी एका दिशेला जातं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं, आणि जाताना पायाखालची वाळू घेऊन जातं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. महिना हिवाळ्याचाच होता.

भरती-ओहोटीची वेळ गावातल्या कोणालाही विचारा, सांगतात. सासऱ्यांनी मला कोळ्यांचा जुना हिशेब शिकवला, तो पाठ आहे: तिथीची पाऊणपट करा, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहाला. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. सकाळ-रात्र दोन्हीकडे तीच वेळ धरायची, आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. दर दिवशी वेळ पाऊण तासाच्या वर पुढे सरकते, त्याचंच हे गणित. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, पण कॅलेंडर भिंतीवर असलं की मोबाइलची रेंज लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास कमी, ती भांगाची भरती.

आता हा हिशेब सहलीला लावून बघा. पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी ओहोटी असते. किनारा लांबच लांब उघडा पडतो, पोरं खडकांवर पार आत जातात, मावळतीचे फोटो होतात. मग अंधार पडतो आणि पाणी परत यायला लागतं. अष्टमीला उलट. संध्याकाळी सहाला पाणी पूर्ण भरलेलं, वाळू नाहीच.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा भरतीच्या वेळी करू नका. खडकातून जाणारी ती वाट आहे, लाटेने तिथून माणसं ओढून नेली आहेत. देवाला पुढल्या वेळी आलात तरी चालतं. गाडी वाळूत घालू नका. चाक रुतलं आणि भरती सुरू झाली की ट्रॅक्टरवाला मागेल ते द्यावं लागतं, तेही तो वेळेत आला तर.

आणि पाण्याने ओढलंच तर किनाऱ्याकडे सरळ झगडू नका. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. ओढ अरुंद पट्ट्यात असते, त्यातून बाजूला निघालात की लाटच तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलते. पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या पुढे नाही.

चक्रीवादळाचा इशारा आला. हॉटेलचं बुकिंग केलेलं आहे. जाऊ का?

नका जाऊ. अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम, एक पावसाळ्याच्या तोंडावर आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. वादळ किनाऱ्याला न लागता दोनशे किलोमीटरवरून गेलं तरी लाटा उंच होतात, होड्या बंदरात परततात, घाटात पाऊस लागतो. मासळीही मिळत नाही, तर जाऊन खाणार काय?

थंडीत खोलीत शेगडी ठेवली तर चालते का?

बंद खोलीत नाही. अजिबात नाही. यावर मी वाद घालत नाही.

कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग मळमळ, मग झोप. झोपलेल्या माणसाला तर पहिल्या दोन पायऱ्या कळतही नाहीत. लोकांना वाटतं धूर दिसला तर धोका. उलट आहे. लालबुंद निखारे, धूर बंद झालेला, खोली छान उबदार, हीच धोक्याची वेळ.

बाथरूममधल्या गॅस गिझरचंही तेच. बारक्या बाथरूममध्ये, खिडकी लावून, गिझर चालू ठेवून अंघोळ करताना माणसं चक्कर येऊन पडतात. डोंगरावरच्या एका लॉजमध्ये माझ्या चुलतभावाची बायको अशीच पडली. खिडकीची जाळी थंडी येते म्हणून पुठ्ठ्याने बंद केलेली होती. दार फोडून बाहेर काढलं, मोकळ्या हवेत शुद्धीवर आली. लॉजवाल्याचं म्हणणं, ‘वहिनींनी उपास केला असेल.’ उपास नव्हता.

करायचं काय, तर गिझर बाथरूमच्या बाहेर बसवा. ते शक्य नसेल तर बादली भरा, गिझर बंद करा, दार उघडून हवा जाऊ द्या, मग अंघोळ. शेकोटी अंगणात, झोपायच्या आधी विझवलेली. रात्री उबेसाठी गरम पाण्याची पिशवी, दोन घोंगड्या, पायमोजे. कोणी बेशुद्ध सापडलं तर आधी दारं-खिडक्या उघडा, माणसाला बाहेर ओढा, १०८ ला फोन करा. पाणी पाजत बसू नका.

वडील सत्तरीचे आहेत. पहाटे साडेपाचला अजिंक्यताऱ्यावर जातात. जाऊ द्यावं का?

जाऊ द्या, साडेसातला. गारठ्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. त्यात उपाशीपोटी चढ. ऊन पडल्यावर तोच किल्ला, तेच मित्र, तोच गप्पांचा कट्टा. रक्तदाबाच्या गोळ्या हिवाळ्यात स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नयेत, डॉक्टरांना दाखवावं. दमा असणाऱ्यांनी तोंडावर मफलर घ्यावा आणि पाचट जळत असेल त्या बाजूला फिरकू नये.

वडिलांना हे सांगायचं कसं, हा मात्र तुमचा प्रश्न. माझे ऐकत नाहीत.

ऊसतोड कुटुंबांच्या कोप्यांसाठी (झोपड्यांसाठी) काही करता येतं का?

येतं. बीडकडून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेली ही माणसं नदीकाठच्या उघड्या रानात, सगळ्यात गार आणि दमट जागी उतरतात. जमिनीवरची ओल खालून येते, म्हणून पांघरुणाइतकंच अंथरूण महत्त्वाचं. रिकाम्या खताच्या पोत्यांवर वाळलेल्या पाचटाचा थर आणि वर ताडपत्री, याने लेकरांची रात्र बदलते. कपडे द्यायचे तर नोव्हेंबरात द्या, संक्रांतीला फोटो काढून नको. कोपी पाचटाची असते, त्यामुळे आत चूल किंवा चिमणी ठेवू नये. त्यांना एक चार्जिंगची बॅटरी दिलीत तर ती स्वेटरपेक्षा उपयोगी पडेल.

द्राक्षबागेला थंडी वाईट की ढगाळ हवा?

मामाला विचारलं तर तो म्हणतो, थंडीने माल उशिरा येतो, ढगाने येतच नाही.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस, खानापूर, जत या पट्ट्यात गोड छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, काही जण त्याआधीही उरकतात. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात बहुतेक बागा फुलोऱ्यात किंवा मणी धरण्याच्या अवस्थेत असतात. याच वेळी अवकाळी आला तर पान ओलं राहतं आणि डाऊनी हा बुरशीरोग शिरतो, घडात पाणी साचून कुज आणि गळ होते. नुसतं मळभ राहिलं, पाऊस नाही, तरी भुरी ही दुसरी बुरशी येते. म्हणजे पडला तर एक औषध, नाही पडला तर दुसरं. रान चिखलाचं असलं की ट्रॅक्टर आत जात नाही, मग रातोरात डस्टिंग, म्हणजे औषधाची भुकटी धुरळणं. जानेवारीनंतर मण्यात साखर भरायला लागली की पाऊस आणखी महाग पडतो. मणी तडकतात, आणि तडकलेला घड घ्यायला व्यापारी थांबत नाही. शेडवर बेदाणा टाकलेला असेल तर तो काळा पडतो.

थंडीचं दुखणं वेगळं. पारा फार उतरला की वेलीची मुळं सुस्तावतात, मणी फुगत नाही. दिवसा ऊन आणि पहाटे कडाका असा फरक वाढला की हिरव्या जातींत मणी गुलाबी पडतात, त्याला पिंक बेरी म्हणतात. निर्यातीचा माल असेल तर तो गुलाबीपणा महागात पडतो. त्यावर घडांना कागद बांधतात. पहाटे ठिबक चालू करून जमिनीत ऊब टिकवायची, बांधावर ओलसर काडीकचरा पेटवून धूर करायचा, हे जुने उपाय आजही चालतात. फक्त धूर रस्त्यावर जाणार नाही अशी जागा बघा. वर सांगितलेली ट्रॉली आठवा.

प्लास्टिक आच्छादन घालावं का, हा प्रश्न पैशाचा आहे, हवेचा नाही. दोन हंगाम ओळीने गेलेला माणूस कर्ज काढून घालतो, बाकीचे आभाळाकडे बघतात.

फळपीक विम्याचं काय?

हवामानावर आधारित फळपीक विम्यात तुमची बाग किती गेली हे बघत नाहीत, संदर्भ हवामान केंद्रावर किती पाऊस वा किती तापमान नोंदलं गेलं ते बघतात. म्हणून तुमच्या महसूल मंडळाचं केंद्र कुठे आहे ते आधी माहीत करून घ्या. गारपिटीच्या जादा संरक्षणाचा हप्ता भरला असेल तर नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं. फोटो त्याच दिवशी काढा.

मेंढ्या-शेळ्यांना थंडीने धोका असतो?

कोरड्या थंडीचा फारसा नाही, लोकर आहे. भिजल्या आणि वर वारा सुटला की मात्र रात्रीत मरतात. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांतल्या अवकाळी पावसात पुणे जिल्ह्यात मोठ्या संख्येने मेंढ्या दगावल्या, त्या अशाच. माण-फलटणकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर वाडे, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन फिरतीवर असतात, काही थेट कोकणात उतरतात. तुमच्या रानात वाडा बसलेला असेल आणि आभाळ आलं, तर गोठ्याचं, शेडचं दार उघडा. कोकरं तरी आत घ्या.

घाटाखाली आंब्याला थंडी चांगली ना?

मोहोर फुटायला गार रात्री लागतात, म्हणून मेहुणा डिसेंबरात थंडीची वाट बघतो. पण फळ धरल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा कडाका आला तर झाड परत मोहोर काढतं आणि आधीची बारीक फळं गाळतं. ढगाळ झालं की तुडतुडे. एकाच ढगाने तासगावात मामा आणि गुहागरात मेहुणा दोघेही रडवेले होतात, आणि मला दोघांचेही फोन येतात.

अंदाज कुठे बघायचा? व्हॉट्सॲपवर तर रोज वेगळंच येतं.

व्हॉट्सॲपवरचा सोडा, त्यावर तारीखही नसते. हवामान विभागाचं ‘मौसम’ ॲप, शेतीसाठी ‘मेघदूत’, विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’. रंग लक्षात ठेवा: हिरवा म्हणजे निवांत, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३, बाकी कशालाही ११२.

थंडी जाते कधी? घोंगड्या धुऊन ठेवायच्या आहेत.

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, असं आजी म्हणायची. साताऱ्यात दुपारी ती त्याआधीच गेलेली असते, पहाटे नंतरही आठवडाभर रेंगाळते. फेब्रुवारी-मार्चात गारांचा एखादा तडाखाही बसतो. आमच्याकडे बाकीच्या घोंगड्या धुतात आणि एक गाडीच्या डिकीत राहते. गेल्या मार्चमध्ये कुंभार्लीत ट्रक आडवा पडून रात्र काढावी लागली, तेव्हा ती माझ्या नाही, ट्रकच्या क्लीनरच्या अंगावर होती.